६८ किलोंचा सांगाडा

धपाटी कुठल्या गाडीत आणि श्रीखंड कुठल्या, यावरून सकाळी साडेसातलाच तोंड लागलं.

कॉव्हेंट्रीतलं मेहुण्याचं घर. दारात दोन गाड्या. एक मेहुण्याची, १९९८ची लोटस एलिस. हिरवी, दोन माणसांची, माझ्या कमरेच्या थोडी वर येणारी. दुसरी माझ्या मुलाची, टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्स. पांढरी, चार दारांची, कंपनीच्या योजनेतून दरमहा पगारातून कापून घेतलेली. नॉरफोकमध्ये हेथल नावाचं गाव आहे, तिथे लोटसचा कारखाना आहे, तो दाजींना एकदा दाखवायचाच, असा मेहुण्याचा जुना नवस होता. मी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत बॉडी बांधणीत बत्तीस वर्षं काढलेला माणूस. कारखाना बघायला चला, असं मला दोनदा सांगावं लागत नाही. मग तो रविवारी बंद का असेना.

"मामा, श्रीखंड तुमच्या डिकीत नको," मुलगा म्हणाला. "इंजिन सीटच्या मागे आणि त्याला लागून डिकी. हेथलला पोचेपर्यंत पीयूष होईल."

"तुझ्या बॉनेटखाली ठेव मग. इंजिन नाही, काही नाही, तिथे श्रीखंडच ठेवायचं."

धपाट्यांचा डबा मात्र एलिसमध्येच गेला. का, ते पुढे कळेल.

जाताना मी मुलाच्या गाडीत बसलो. त्यालाही आपल्या गाडीची बाजू मांडायची होती, आणि ती त्याने शब्दांत मांडलीच नाही. ए-१४ रस्त्याला लागायच्या आधी जोडरस्त्यावर त्याने गाडी जवळजवळ थांबवली, मागे कोणी नाही हे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, डोकं मागे टेका." पुढचे तीन सेकंद मला सांगता येणार नाहीत, कारण त्या तीन सेकंदांत मी नव्हतोच. आवाज नाही, गिअर नाही, धक्काही नाही. पाठ सीटमध्ये रुतली आणि पोट तिच्या मागोमाग गेलं.

"शून्य ते शंभर, ३.१ सेकंद," तो म्हणाला. "मामांच्या गाडीला सहाच्या आसपास लागतात. १९८७ची फेरारी एफ-४० म्हणजे त्या काळची वाघीण. तिलाही हे जमत नव्हतं. आता लहान पोराची सीट मागे लावलेल्या घरगुती गाडीला जमतं. ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मामांसारख्या लोकांना कबूलच करायचं नसतं."

मी म्हटलं, "एसटीत एखाद्या ड्रायव्हरने असं केलं असतं तर मागचे दोन प्रवासी आणि एक कोंबडी माझ्या अंगावर आली असती."

पण खरं सांगायचं तर मला ती गाडी आवडली. कंबर दुखली नाही. गप्पा मारायला ओरडावं लागलं नाही. इकडे ताशी ७० मैलांची, म्हणजे ११२ किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगात काच बंद करून बसलं की झोप येते. पुढे मेहुण्याचं हिरवं बेडूक ट्रकच्या चाकांशेजारून चाललं होतं, चाकाचा आस त्याच्या डोक्याच्या रेषेत. माझ्याच पोटात गोळा आला.

पहिला थांबा एल्व्हेडन. तिथल्या चर्चच्या आवारात महाराजा दुलीपसिंगाची कबर आहे. रणजितसिंगाचा मुलगा, पंजाबचा शेवटचा महाराजा, १८६३ मध्ये ही जहागीर विकत घेऊन इंग्रज जमीनदारासारखा राहिलेला. कबरीवर कोणीतरी ताजी फुलं ठेवली होती. तिथे मामा-भाचे दहा मिनिटं गप्प होते. दिवसभरातली शांतता म्हणाल तर तेवढीच.

गाड्यांपाशी परत आलो तेव्हा मी सवयीने खाली बसून टायर बघितले. एलिसचे पुढचे १८५, मागचे २०५. मुलाचे पुढचे २३५ आणि मागचे २७५, चाकं २० इंचांची. मेहुण्याला हेच हवं होतं.

"बघा दाजी, तुम्हीच बघा! एवढं रुंद रबर कशाला लागतं? वजन पेलायला. त्याची गाडी १,८५० किलोंच्या आसपास. माझी नवी होती तेव्हा ७२५. म्हणजे त्याच्या एका गाडीत माझ्या अडीच. वजन वाढलं की ब्रेक मोठे, ब्रेक मोठे म्हणून चाकं मोठी, चाकं मोठी म्हणून सस्पेन्शन दणकट, आणि दणकट म्हणजे पुन्हा वजन. घरात एक फ्रीज आणला म्हणून स्वयंपाकघर वाढवायचं आणि ते वाढलं म्हणून घर बदलायचं, तसलं हे. लोटस काढणाऱ्या कॉलिन चॅपमनने हे चाक उलटं फिरवलं. आधी एक वस्तू काढा, मग तिला धरून ठेवणारी दुसरी आपोआप निघते."

"काढता काढता त्याने काय काय काढलं तेही सांगा," मुलगा म्हणाला. "तुमच्या गाडीत एअरबॅग नाही. एबीएस नाही. ब्रेकला सर्व्होसुद्धा नाही. चॅपमनच्या रेसच्या गाड्या नाजूक असत, हे त्याचे भक्तही मान्य करतात. १९७० मध्ये योखेन रिंट मोंझाला सरावात लोटस चालवताना गेला आणि त्या वर्षीचं जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. हलकेपणाचं बिल कोणीतरी भरतंच, मामा."

मेहुणा क्षणभर थांबला. रिंटचं नाव निघालं की त्याला गप्प बसावं लागतं, हे पोराला ठाऊक होतं. मग त्याने डिकी उघडून डबा काढला. धपाटी गरम होती. गरम म्हणजे आत्ता तव्यावरून उतरवल्यासारखी नव्हे, पण लोणी वितळेल इतकी.

"घ्या! इंजिनाच्या मागे डिकी ठेवण्याचा फायदा."

"फायदा?" मुलगा उसळला. "बाबा, ही धपाटी म्हणजे मामांच्या विरोधातला पुरावा आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचे दोन भाग उष्णता म्हणून वाया जातात, जेमतेम तिसरा चाकांपर्यंत पोचतो. माझ्या मोटरमध्ये दहातले नऊ भाग चाकाला मिळतात."

"वाया कुठे गेली? तू खातोयस की!"

"एवढ्या लांबवर पेट्रोल जाळून चार धपाटी तापवायची?"

"बरं, हिशोबच काढायचा तर पुरता काढ," मेहुणा धपाट्याचा तुकडा हातात धरून म्हणाला. "माझ्या टाकीत ४० लिटर पेट्रोल मावतं. वजन साधारण ३० किलो. त्यात ऊर्जा किती? ३५० युनिट. त्यातली दोन तृतीयांश हवेत गेली म्हण, तरी शंभर-सव्वाशे कामाला येते. तुझ्या बॅटरीचं वजन साडेचारशे किलोंच्या वर, आणि तिच्यात ८० युनिटसुद्धा मावत नाहीत. वर माझी टाकी जसजशी रिकामी होते तसतशी गाडी हलकी होते. तुझी बॅटरी रिकामी झाली तरी एक ग्रॅम उतरत नाही. रोज तीस किलोमीटरवर ऑफिसला जातोस तू. तांब्याभर पाण्यासाठी हौद डोक्यावर घेऊन हिंडतोस. तेवढ्या वजनात इथे अख्खी गाडी मिळते! केटरहॅम सेव्हन १७०. ४४० किलो. आणि दाजी, तिच्यात इंजिन कोणाचं माहीत आहे? सुझुकीचं. ६६० सीसी, तीन सिलिंडर."

माझ्या डोळ्यांसमोर आपली मारुती ८०० आली. तीही तीन सिलिंडरची, तीही सुझुकीचीच लेक. तिच्यात आम्ही पाच जण, एक स्टोव्ह आणि दोन सुटकेसेस घेऊन कोल्हापूरला गेलो आहोत. हलकी गाडी म्हणजे आमच्या पिढीला मौज नव्हती; परवडत होती तेवढीच गाडी होती ती. हे मी बोललो नाही, पण पोराने जणू तेच उचललं.

"त्या ४४० किलोंच्या गाडीत मामींना बसवून भाजी आणायला जाल? नाही जाणार. त्यासाठी तुमच्या गॅरेजमध्ये दुसरी गाडी आहे, चांगली जाडजूड. तुमचा हलकेपणा ही दुसऱ्या गाडीवाल्याची चैन आहे. बेरीज करायची तर दोन्ही गाड्यांचं वजन धरा, आणि मग माझ्याशी बोला."

हा टोला लागला. मेहुण्याने धपाटं संपवलं आणि म्हणाला, "दाजी, आता तुम्ही माझ्या गाडीत."

एलिसमध्ये बसत नाहीत. आडात उतरतात तसं उतरायचं असतं. आधी एक पाय, मग बूड, मग उरलेला माणूस. दाराचा उंबरठा हातभर रुंद, उघड्या ॲल्युमिनियमचा. पायाखाली ॲल्युमिनियम. काच फिरवायला हाताने गोल फिरवायची दांडी, समोर एकच वायपर. मी उंबरठ्याच्या जोडावरून बोट फिरवलं आणि रिव्हेटच्या ओळी शोधल्या. दापोडीत आम्ही ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून मारून जोडले. माझ्या उजव्या कानाची आजची अवस्था त्या ठोकाठोकीची देणगी आहे. इथे सांगाड्याला धरून ठेवणारं मुख्य काम करतो तो गोंद.

"गोंद?"

"इपॉक्सी. ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या दाबून काढायच्या, एकमेकींना चिकटवायच्या आणि भट्टीत भाजायच्या. अख्ख्या चासीचं वजन ६८ किलो."

मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. आमच्याकडे ६८ किलोंत बसच्या मागच्या शिडीसकट टपावरचं कॅरिअरही झालं नसतं. आणि तरी एक गोष्ट मला आठवली, ती त्याला सांगितली: एसटीने पुढे ॲल्युमिनियमच्या बॉड्या सोडून पोलादी सांगाड्याच्या गाड्या बांधायला घेतल्या. वजन वाढलं, डिझेल वाढलं. पण बस उलटली तर आतली माणसं वाचावीत, हा हिशोब त्यावर भारी पडला. मेहुणा यावर "हं" म्हणाला. पटलेल्या गोष्टीला तो नेहमी "हं" म्हणतो.

मोठा रस्ता सोडून आम्ही शेतांमधल्या वाटांना लागलो. दोन्ही बाजूंनी कुंपणाच्या झुडपांची भिंत, मधे एक गाडी आणि थोडी सायकल जाईल एवढी वाट, आणि वळणामागे वळण. ही जागा त्याची होती. स्टेअरिंग ताटाएवढं, पॉवर नाही, आणि ते त्याच्या हातात सारखं जिवंत, बारीक हलणारं. रस्त्यात मधोमध रात्री चमकणारे खिळे ठोकलेले असतात. त्यातल्या एकावरून चाक गेलं तर ते स्टेअरिंग धरलेल्या बोटांना कळतंच, माझ्या ढुंगणालाही कळलं. ओल्या पानांचा पट्टा आला, तेव्हा त्याने पाय उचलायच्या आधीच मला अंदाज आला की इथे पकड कमी आहे. माझ्या आयुष्यात इतक्या वर्षांनी एखादं यंत्र माझ्याशी बोललं.

"वेग किती असेल?" त्याने विचारलं.

"शंभर-एकशेदहा?"

त्याने काट्याकडे बोट केलं. चाळीस मैल. म्हणजे चौसष्ट.

"हेच मला त्याला सांगायचंय दाजी, आणि सांगता येत नाही. त्याच्या गाडीला मजा यायला लागते तेव्हा लायसन्स जायची वेळ झालेली असते. मला चाळीसात पोटभर मिळतं. टायरवर दुप्पट वजन टाकलं म्हणून तो दुप्पट पकड देत नाही, थोडी कमीच देतो. हे पुस्तकातही लिहिलंय. मग ती तूट भरून काढायला संगणक. दर क्षणाला प्रत्येक चाकाला किती द्यायचं ते तो ठरवणार. बरोबरच ठरवतो, माझ्यापेक्षा चांगलं ठरवतो. पण मग मी तिथे कशाला बसलोय?"

हे तो मला सांगत होता, पण मुलासमोर सांगितलं असतं तर उत्तर तयार होतं. मला ते सकाळी मिळालं होतं: जर्मनीत न्यूरबुर्गरिंगचा वीस किलोमीटरहून मोठा फेरा आहे, चढउतार आणि वळणांचा, तिथे पोर्शच्या टायकान टर्बो जीटीने ७ मिनिटं ७.५५ सेकंदांचा फेरा मारला आणि २०२५ मध्ये शाओमीच्या एसयू-७ अल्ट्राने ७ मिनिटं ४.९५७ सेकंदांचा. शाओमी, म्हणजे आपल्याकडे लोकांच्या खिशात ज्यांचे फोन आहेत ते! दोन्ही चार दारांच्या, दोन्ही दोन टनांच्या वर. वजन खाली जमिनीलगत असलं आणि प्रत्येक चाक वेगळं सांभाळता आलं की वळणांवर जडपणा बराचसा झाकता येतो. "झाकता" हा शब्द माझा. पोराने "सोडवता" म्हटलं होतं.

आवाजाचा वाद मी इथे देत नाही. इंजिनाचा आवाज विरुद्ध शांतता, हे दोघांनीही इतकं घोकलं आहे की त्यांना एकमेकांची वाक्यं पाठ आहेत.

हेथलचा कारखाना म्हणजे शेतांमधली एक जुनी धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धात इथून अमेरिकनांची लिबरेटर बॉम्बर विमानं उडायची. १९६६ मध्ये लोटस इथे आली आणि त्याच विमानतळावर चाचणीचा ट्रॅक केला. रविवार, फाटक बंद, कुंपणापलीकडे गवत. मेहुणा कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून उभा राहिला, पंढरीला महाद्वार बंद असलं की लोक नामदेव पायरीशी उभे राहतात तसा. एलिस हे नाव तेव्हाच्या मालकाच्या, रोमानो आर्तिओलींच्या, एलिसा या नातीवरून ठेवलं आहे, वगैरे त्याने सांगितलं. चॅपमनने पहिली गाडी १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर बांधली, हेही. मी म्हटलं, १९४८च्या १ जूनला आमची पहिली एसटी पुण्याहून नगरला निघाली. तेवढ्यावर आमच्या दोघांच्या पंढऱ्या जुळल्या.

मग मुलगा बोलला. इतका वेळ त्याने हे राखून ठेवलं होतं.

"मामा, याच फाटकातून टेस्लाची पहिली गाडी बाहेर पडली."

"माहीत आहे मला."

"बाबांना नाही. बाबा, २००८ची टेस्ला रोडस्टर. तिचा सांगाडा मामांच्या एलिसच्या घराण्यातला, गोंदाने चिकटवलेला. इथे बांधायचे आणि मोटर-बॅटरी न बसवता कॅलिफोर्नियाला धाडायचे. तिकडे त्यात लॅपटॉपला वापरतात तसले ६,८३१ सेल बसायचे. वजन तेराशेच्या आत-बाहेर. टेस्लावाले आपली पहिली गाडी हलकीच करायला निघाले होते. जड होणं विजेच्या नशिबात लिहिलेलं नव्हतं."

"एलिसपेक्षा पाचशे किलोंहून जड म्हणजे हलकी?"

"आजच्या लोटसच्या इमेयापेक्षा हलकी. ती इमेया चार दारांची, नऊशे हॉर्सपॉवरची, वुहानमध्ये बनते. वजन अडीच टनांच्या घरात. २०१७ मध्ये चिनी जीलीने लोटस घेतली त्यानंतरची. चॅपमनचंच बोधचिन्ह आहे तिच्यावर."

मेहुण्याने जाळीतून बोटं काढली. "ती लोटस नाही."

"आणि माझी टेस्ला ही रोडस्टरची नात नाही, असंही मी म्हणू शकतो. मग आपण दोघं भांडतोय कशावर?"

इथे मला माझं मत द्यावंसं वाटलं, आणि वय झाल्यामुळे मी ते दिलं. वजन पेट्रोलचं नाही आणि विजेचंही नाही. दापोडीला नव्या गाडीची यादी यायची तेव्हा मी बघत आलो आहे: कोणीतरी रॅक मागतो, कोणीतरी मोठी खिडकी, कोणी मागे पुशबॅक सीट, आणि प्रत्येकाचं मागणं रास्त असतं. मुलाच्या गाडीत पाच माणसं, पाचशे किलोमीटर, थंडीत गरम सीट, उन्हात गार सीट, अपघातात वाचणं आणि फेरारीचा वेग, सगळं एकाच वेळी मागितलं आहे. मेहुण्याने एकच मागितलं आणि बाकीचं गॅरेजमधल्या दुसऱ्या गाडीवर ढकललं. दोघांनीही पूर्ण यादी कधी वाचून दाखवली नाही. दोघांनी माझं ऐकून घेतलं आणि श्रीखंड काढलं. ते मस्त गार होतं.

परतीला मेहुणा आपण होऊन म्हणाला, तो पांढरी नेतो. गुडघ्याचं कारण दिलं. मी आणि मुलगा एलिसमध्ये. पहिल्याच गोल चौकात मुलाने पाय उचलला आणि गाडी थांबेल म्हणून वाट बघितली. त्याच्या गाडीत पाय उचलला की मोटरच जनित्र होऊन वीज परत घेते आणि गाडी आपोआप मंदावते. इथे तसं काही झालं नाही. ब्रेक दाबला तेव्हा सर्व्हो नसलेला ब्रेक पायाने जोर मागत होता. पोराचे कान लाल झाले.

मी त्याला खंबाटकी घाटातला एसटीचा नियम सांगितला: ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. तो म्हणाला, "बाबा, तेच तर माझी मोटर करते, वर वीज परत देते." म्हटलं, "बरोबर आहे. पण ड्रायव्हरला उतार कळायचा."

नंतर तो गप्प झाला. तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरला येताना त्याने टाचेने ॲक्सिलरेटर किंचित चाळवला आणि गिअर लोण्यात सुरी गेल्यासारखा पडला. दहा मिनिटांनी पुन्हा केलं, पुन्हा जमलं. पुढच्या वळणावर नाही जमलं, गाडी खाकरली, आणि तो हसला. मी काही बोललो नाही. सकाळच्या त्या तीन सेकंदांत त्याच्या चेहऱ्यावर हे हसू मला दिसलं नव्हतं. पण तेव्हा मी डोकं मागे टेकून बसलो होतो, कदाचित दिसलं नसेल.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मेहुणा आमच्या आधी पोचून दारात उभा होता, ताजातवाना, कंबर सरळ. मी एलिसमधून बाहेर यायचा प्रयत्न केला. एक पाय बाहेर आला. बाकीचा मी आतच राहिलो. मुलगा इकडून फिरून आला, मेहुण्याने दुसरा हात धरला, आणि दोघांनी मिळून मला ओढलं, विहिरीतून पोहरा ओढतात तसं.

"बाबा, वजन किती हो तुमचं?"

"ब्याऐंशी."

"म्हणजे माझ्या चासीपेक्षा चौदा किलो जास्त," मेहुणा म्हणाला, आणि दोघांनी पुन्हा जोर लावला.